'पास' : एका परक्या शब्दाची पाऊलवाट

शहापूर-मुरबाड रस्त्यावर भातसा नदीच्या परिसरात वसलेल्या आपल्या सापगावात दिवसभरात जी वाक्ये कानावर पडतात, त्यांतली काही सहज आठवून पाहा. "धाकटी बारावी पास झाली." "एसटीचा पास संपला, आज नवा काढायचा आहे." "घरकुलाचे बिल अजून पास झाले नाही." "ग्रामसभेत ठराव पास झाला." "गाडी एमएच ०४ पासिंगची आहे." "अरे, बॉल पास कर!" "मेल पास झाली की फाटक उघडेल." "अभ्यास कर, टाइमपास नको." ही वाक्ये बोलणाऱ्यांत शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, आसनगावहून रोज मुंबईकडे जाणारे नोकरदार आहेत आणि शाळेची पायरीही न चढलेल्या आजीबाई आहेत. यांपैकी कोणालाही आपण इंग्रजी बोलत आहोत असे वाटत नाही. 'पास' हा शब्द इतका आपला झाला आहे की, तो कोठून आला, कोणाबरोबर आला आणि आपल्या घरात राहून त्याने आपल्या विचारांत काय बदल केला, हे विचारण्याची गरजच कोणाला भासत नाही.

स्मरणिकेच्या या अंकात या एकाच शब्दाचा थोडा सविस्तर परिचय करून द्यावा, असा मानस आहे. शब्दांचा इतिहास हा केवळ व्याकरणाचा विषय नसतो. एखादा परका शब्द गावात शिरतो तेव्हा तो एकटा येत नाही. त्याच्यामागून एखादी संस्था, एखादा कायदा, एखादी सत्ता येत असते. 'पास' या शब्दाच्या बाबतीत तर ही गोष्ट फारच स्पष्ट दिसते. शिवाय वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्यासारख्यांच्या समाजात या शब्दाने अनेक घरांचे भवितव्य ठरवले आहे.

मुळात अर्थ काय?

इंग्रजीतील हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधील 'पासुस' या शब्दात आहे. 'पासुस' म्हणजे पाऊल. पाऊल टाकणे, पुढे जाणे, एखादी जागा मागे टाकून पलीकडे जाणे, हा त्याचा मूळ आशय. त्याच 'पासुस'चा आणखी एक वंशज आपल्या रस्त्यांवर उभा असे, तो म्हणजे मैल. रोमन सैन्याची एक हजार पावले म्हणजे एक मैल. 'मिल्ले' म्हणजे हजार. 'मिल्ले पासुस'चा संक्षेप होऊन मैल झाला. तेव्हा मुंबई-आग्रा रस्त्यावरचा जुना मैलाचा दगड आणि विद्यार्थ्याच्या खिशातला एसटीचा पास हे शब्द म्हणून एकमेकांचे भाऊबंद आहेत, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

आपल्या भाषेत याच ध्वनीचे देशी शब्दही आहेत. 'पासून', 'पाशी', 'आसपास' हे शब्द संस्कृतातील 'पार्श्व' म्हणजे बाजू या शब्दापासून आले. त्यांचा इंग्रजी 'पास'शी काही संबंध नाही. केवळ नाद सारखा आहे. "माझ्यापाशी पास नाही" या वाक्यात दोन निराळ्या कुळांतले शब्द शेजारी शेजारी बसलेले आहेत आणि आपण ते सहज बोलून जातो.

परीक्षेसाठी मराठीने संस्कृतातून घेतलेला प्रतिष्ठित शब्द म्हणजे 'उत्तीर्ण'. त्याचे मूळही पाहण्यासारखे आहे. 'तॄ' हा धातू तरून जाणे, पार होणे या अर्थाचा आहे. तोच 'तरणे', 'तारणे' या शब्दांत दिसतो. उत्तीर्ण म्हणजे पाण्यातून तरून पलीकडच्या काठाला पोहोचलेला. एका भाषेने पायाने वाट तुडवण्याचे चित्र घेतले, दुसरीने नदी ओलांडण्याचे. दोन्हीकडे अर्थ एकच की, माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेला. पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेला म्हणजे काय होते हे जाणणाऱ्या आपल्या भागातील वाचकांना 'उत्तीर्ण' या शब्दाचा अर्थ निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही.

परीक्षेबरोबर आलेला शब्द

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. शिक्षण आपल्याकडे त्यापूर्वीही होते, परंतु सर्वांसाठी एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ, गुणांची एक ठरलेली मर्यादा आणि तिच्या वर किंवा खाली असलेली नावांची यादी, ही व्यवस्था नवी होती. त्या व्यवस्थेचे नाव घेऊन 'पास' हा शब्द मराठी घरांत शिरला.

येथे व्याकरणातला एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. इंग्रजीत माणूस परीक्षेला पास करतो, म्हणजे परीक्षा ओलांडतो. तेथे परीक्षा हे कर्म असते आणि माणूस कर्ता. मराठीने हा शब्द घेतला तेव्हा त्याची रचना बदलली. आपण म्हणतो, "मी पास झालो." येथे 'पास' हे क्रियापद उरलेच नाही. ते 'मोठा झालो', 'आजारी झालो' यांतल्या विशेषणासारखे माणसाला चिकटले. "परीक्षेत पास झालो" यात परीक्षा ही केवळ घटनेची जागा आहे. आणि 'करणे' हे क्रियापद लावले की कर्ताच बदलतो. "सरांनी त्याला पास केले" या वाक्यात मुलगा हा कर्म होतो आणि पेपर तपासणारा कर्ता. 'ढकलपास' या शब्दात तर मुलाच्या पाठीवर कोणाचा तरी हात स्पष्ट दिसतो. 'काठावर पास' म्हणताना मात्र आपण पुन्हा नदीच्या चित्राकडे वळतो.

मराठीने या शब्दाला आणखी एक देणगी दिली, ती म्हणजे 'नापास'. इंग्रजीत 'पास'च्या विरुद्ध अर्थासाठी स्वतंत्र शब्द आहे आणि 'फेल' या रूपात तोही आपण वापरतो. पण 'नापास' ही आपल्याकडची घडण आहे. 'नापसंत', 'नाराज', 'नालायक', 'नाइलाज' या शब्दांच्या आरंभी असलेला 'ना' फारसीच्या परंपरेतून आपल्याकडे रुळला. तो इंग्रजी 'पास'ला जोडून मराठीने एक नवाच शब्द तयार केला. पुढचा अर्धा भाग लंडनचा, मागचा अर्धा इराणचा आणि त्याचे ओझे मात्र मुरबाडच्या किंवा शहापूरच्या एखाद्या पाड्यावरील मुलाच्या डोक्यावर, अशी या शब्दाची स्थिती आहे.

फारसीचा उल्लेख आला म्हणून एक ऐतिहासिक गोष्ट सांगणे उचित होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना शाळेत संस्कृत शिकायचे होते, परंतु अस्पृश्य म्हणून ते नाकारण्यात आले आणि त्यांना फारसी हा विषय घ्यावा लागला. १९०७ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक पास झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या भाषेत सांगायचे तर ते सुमारे साडेसदतीस टक्के होतात. आजचा एखादा पालक एवढ्या गुणांची गुणपत्रिका पाहून कपाळाला हात लावील. परंतु त्या वेळी समाजाने काय केले? सभा भरवून त्या मुलाचा सत्कार केला. अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. हे चरित्र १८९८ साली प्रसिद्ध झाले होते. त्या सभेला जमलेल्यांनी टक्के मोजले नाहीत. ज्या दाराजवळ उभे राहण्याचीही मुभा नव्हती, ते दार ओलांडून एक मुलगा पलीकडे गेला, हे त्यांनी पाहिले. 'पास' या शब्दाचा मूळ अर्थ, पाऊल पलीकडे टाकणे, तो त्या दिवशी खऱ्या अर्थाने वापरला गेला, असे म्हणता येईल.

खिशातला पास

या शब्दाचा दुसरा मोठा संसार आहे तो कागदाचा. "पास काढला", "पास संपला", "पास हरवला", "पासवर फोटो लावला", या वाक्यांत 'पास' हे पुल्लिंगी नाम आहे. त्याचे अनेकवचनही 'पास'च राहते: एक पास, चार पास.

हा अर्थ आपल्या भागात रेल्वेबरोबर आला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत आले, १८५५ मध्ये वासिंदपर्यंत आणि १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत. आज आसनगाव, आटगाव, खर्डी येथून हजारो माणसे मासिक किंवा त्रैमासिक पासवर प्रवास करतात. गमतीची बाब अशी की, रेल्वेच्या कागदोपत्री भाषेत याला 'पास' म्हणत नाहीत. त्याचे अधिकृत नाव 'सीझन तिकीट' आहे. रेल्वेच्या दृष्टीने 'पास' म्हणजे तिच्या कर्मचाऱ्यांना मिळणारी प्रवासाची सवलत. परंतु लोकांनी आपला शब्द पक्का केला आणि खिडकीपलीकडचा कारकूनही तोच शब्द बोलू लागला. भाषेच्या बाबतीत अखेर बहुमत चालते, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

मुरबाड तालुक्यात रेल्वे अद्याप पोहोचलेली नाही. तेथे आणि शहापूरच्या आतल्या गावांत 'पास' म्हणजे एसटीचा पास. विद्यार्थ्यांना एसटीच्या भाड्यात दोन तृतीयांश सवलत असते. म्हणजे तीन रुपयांच्या प्रवासाला एक रुपया पडतो. ग्रामीण भागातील मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेखाली बारावीपर्यंतचा पास विनामूल्य आहे. या कागदाची किंमत वरवर पाहता कळत नाही. सातवीनंतर पुढची शाळा चार कोस दूर असली की मुलीचे शिक्षण थांबायचे, हा आपल्या आयाबहिणींचा अनुभव आहे. 'पास' मिळाला म्हणून 'पास' झाली, अशा मुली आज शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, ग्रामसेविका आहेत. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांच्या हातात हात घालून चालतात, ते असे.

परंतु कागदी पासाला दुसरीही बाजू आहे. पास हा ज्याच्याजवळ आहे त्याला वाट देतो आणि ज्याच्याजवळ नाही त्याला अडवतो. १८७१ साली इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. त्या कायद्याखाली नोंदवलेल्या माणसाला ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर जायचे तर पास घ्यावा लागे. हा कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ साली रद्द झाला. विमुक्त हे नाव तेव्हापासूनचे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण आफ्रिकेत, हाच शब्द काळ्या माणसाच्या गळ्यातला दोर झाला होता. आपल्याच देशात, आपल्याच शहरात फिरण्यासाठी त्याला पासबुक जवळ बाळगावे लागे. ते नसले तर तुरुंग. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे या पासांविरुद्ध निदर्शने करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि ६९ माणसे ठार झाली. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाने २१ मार्च हा दिवस वांशिक भेदभाव निर्मूलनाचा दिवस म्हणून जाहीर केला. ते पास-कायदे १९८६ साली रद्द झाले. आपण बँकेत जाऊन 'पासबुक' भरून आणतो. तेच नाव असलेल्या पुस्तिकेने दुसऱ्या देशात माणसाचे चालणेच बंद केले होते, हे मुलांना इतिहासाच्या तासाला आवर्जून सांगावेसे वाटते.

आणि ही केवळ दूरची गोष्ट नाही. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या राज्यात जिल्ह्याची हद्द ओलांडण्यासाठी 'ई-पास' लागत होता. त्याच काळात मुंबई-नाशिक महामार्गावरून, आपल्या शहापूर तालुक्यातून, कसारा घाट चढून, मजुरांचे तांडे पायी गावाकडे निघाले होते. त्यांच्यापैकी कित्येकांजवळ पास नव्हता, होती ती केवळ पावले. लॅटिन भाषेतला तो जुना शब्द आपल्या डोळ्यांसमोर, डांबरी रस्त्यावर, उन्हातान्हात चालत होता.

मंजुरीचा पास

तिसरा अर्थ कचेरीतला. "बिल पास झाले", "कर्ज पास झाले", "ठराव पास झाला", "नकाशा पास झाला." यासाठी मराठीत 'मंजूर' आणि 'संमत' हे शब्द आहेत. 'मंजूर' हा अरबी शब्द 'नजर' याच मुळाचा. ज्यावर साहेबांची नजर पडली ते मंजूर. 'संमत' म्हणजे ज्यावर अनेकांचे मत एकत्र झाले ते. तीन शब्दांत तीन निराळी जगे आहेत. पहिल्यात राजाचा दरबार, दुसऱ्यात सभा आणि 'पास'मध्ये एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे सरकणारा कागद.

या वाक्यांची एक खोड आहे. "बिल पास झाले नाही" म्हणताना कर्ता अदृश्य राहतो. कोणी केले नाही? कोणाच्या टेबलावर राहिले? वाक्य सांगत नाही. ज्याचे घरकुल अर्धे बांधून पडले आहे, त्याला मात्र हे विचारायला हवे. म्हणून आपल्या मुलांना अर्ज लिहायला शिकवताना कर्मणी रचनेवर न थांबता 'कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या नियमाने' हे तीन प्रश्न विचारायची सवय लावली पाहिजे. व्याकरण हे हक्काचेही साधन आहे.

ठराव पास होणे आणि प्रत्यक्षात तो अमलात येणे यांत किती अंतर असते, हे आपल्या चळवळीच्या इतिहासाइतके दुसरे कोठे स्पष्ट झाले नसेल. १९०७ च्या त्या सत्कारसभेचे अध्यक्ष बोले हेच पुढे मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव त्या विधिमंडळात पास झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, न्यायालये अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली आपल्या हद्दीतील तळे खुले असल्याचा ठराव पास केला. कागदावर सारे झाले. तळ्यावर मात्र कोणी गेले नाही, कारण जाऊ दिले जाणार नाही हे सर्वांना ठाऊक होते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसे शांतपणे चालत चवदार तळ्यापर्यंत गेली आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. साडेतीन वर्षांहून अधिक काळ कागदावर 'पास' असलेला ठराव त्या दिवशी पावलांनी पास केला. त्याच वर्षी ४ ऑगस्ट रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या तारखेला, महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे न्यायालयीन लढाई दहा वर्षे चालली आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. ठराव पास करता येतो तसा मागेही घेता येतो. टाकलेले पाऊल मागे घेता येत नाही.

उलट बाजूचे उदाहरण हिंदू कोड बिलाचे. स्त्रियांना विवाह, वारसा आणि दत्तक यांबाबत हक्क देणारे हे विधेयक संसदेत पास होत नाही, हे पाहून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५५ आणि १९५६ साली त्यातले मोठे भाग चार स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने पास झाले. 'नापास' झालेली प्रत्येक गोष्ट कायमची नापास नसते, याचा एवढा मोठा दाखला शोधून सापडणार नाही.

मराठीने काय घेतले, काय सोडले?

इंग्रजीत या शब्दाचे कितीतरी अर्थ आहेत. त्यांतले सगळे आपण घेतले नाहीत. डोंगरातल्या वाटेलाही इंग्रजीत 'पास' म्हणतात. पण मुरबाड तालुक्यातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटाला आपल्यापैकी कोणी 'नाणे पास' म्हणत नाही. तेथे सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांचे तांडे त्या वाटेने जात होते. इंग्रज येण्याच्या कितीतरी आधी आपल्याजवळ 'घाट' आणि 'खिंड' हे शब्द होते, म्हणून येथे परक्या शब्दाला जागाच मिळाली नाही. माळशेज घाटच राहिला, थळ घाटही घाटच राहिला.

इंग्रजीत मृत्यूसाठीही 'पास' हा शब्द सौम्यपणे वापरतात. अमेरिकेत एखाद्याविषयी नुसते 'पास झाले' अशा अर्थाचे वाक्य बोलले तरी ऐकणारा दुःख व्यक्त करतो. आपण मात्र त्या प्रसंगी 'गेले', 'वारले', 'निर्वाण पावले' किंवा फार तर 'एक्स्पायर झाले' म्हणतो. तसेच 'पासआऊट' या शब्दाचे. आपल्याकडे "तो २०१० चा पासआऊट" म्हणजे त्या वर्षी शिक्षण पूर्ण केलेला. इंग्लंड-अमेरिकेत एरवी याचा अर्थ बेशुद्ध पडणे असा होतो. परदेशी नोकरीचा अर्ज लिहिणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

जे घेतले, त्यात एक सूत्र दिसते. जेथे नवी संस्था आली तेथे शब्द आला. शाळेबरोबर परीक्षेचा पास, रेल्वेबरोबर प्रवासाचा, कचेरीबरोबर मंजुरीचा, मैदानाबरोबर चेंडूचा, परिवहन कार्यालयाबरोबर गाडीचे 'पासिंग', महामार्गाबरोबर 'बायपास', मोबाइलबरोबर 'पासवर्ड'. इस्पितळाने "खडा पास झाला का?", "गॅस पास झाला का?" असे प्रश्न दिले. ते विचारताना डॉक्टरांना संकोच होत नाही आणि उत्तर देताना रुग्णालाही होत नाही. आपला शब्द उच्चारायला जड वाटतो तेथे परका शब्द पडद्यासारखा कामाला येतो. 'टाइमपास' तर आपण इतका आपलासा केला की लोकलमध्ये शेंगदाणे विकणाराही त्याच नावाने ओरडतो आणि २०१४ साली त्या नावाचा मराठी चित्रपटही गाजला. वेळ घालवणे आणि वेळ सत्कारणी लावणे यांतला फरक मात्र कोणत्याच भाषेत पुसला जात नाही.

'नापास' या शब्दाचे काय करावे?

आता मुख्य मुद्दा. व्याकरणाच्या ज्या बदलाचा वर उल्लेख केला, त्याचा परिणाम शाळेत दररोज दिसतो. मराठीत 'पास' आणि 'नापास' ही माणसाची विशेषणे झाली. "तो नापास मुलगा आहे" असे आपण म्हणतो. नापास झाला तो एका विषयाच्या एका दिवसाच्या तीन तासांच्या पेपरात. शंभरपैकी पस्तीस ही मर्यादा माणसांनीच ठरवलेली आहे. चौतीस आणि पस्तीस यांत एका गुणाचे अंतर आहे, पण भाषा त्या एका गुणावर माणसाची जात बदलून टाकते. ज्या समाजाला जन्मावरून शिक्के मारण्याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, त्या समाजाने तरी आपल्या मुलांवर दुसरा शिक्का मारताना दहा वेळा विचार करावा.

शासनानेही या शब्दाचा विचार केलेला आहे. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याने आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली. २०१९ साली त्यात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा व पुरवणी परीक्षा पुन्हा आली. दहावीच्या गुणपत्रिकेवरील 'नापास' हा शेराही मधल्या काळात काढून त्या जागी 'कौशल्य विकासास पात्र' असे शब्द घालण्यात आले. हेतू चांगला होता. परंतु शेरा बदलला म्हणून घरातले, गल्लीतले बोलणे बदलत नाही. आणि दुसरीकडे, काही न शिकताच मूल पुढे सरकत राहिले तर तेही त्याच्यावर अन्यायच करते. 'ढकलपास' झालेल्या मुलाला सातवीत भागाकार येत नाही, हे दुःख 'नापास'पेक्षा लहान नाही. त्यात आदिवासी पाड्यांवरची, पहिल्या पिढीची मुले सर्वाधिक भरडली जातात, कारण घरी शिकवणारे कोणी नसते.

म्हणून शब्द झाकणे हा उपाय नव्हे, शब्द नेमका वापरणे हा उपाय आहे. आणि त्यासाठी परक्या भाषेकडे पाहण्याचीही गरज नाही. आपल्या बोलीतच एक साधे, सुंदर वाक्य आहे: "त्याचे गणित राहिले." जुन्या पिढीतली माणसे असेच म्हणत. या वाक्यात मुलगा नापास नाही. गणित हा कर्ता आहे आणि ते 'राहिले' आहे. जे राहिले ते पूर्ण करता येते. घराचे प्लास्टर राहिले, शेताची बेणणी राहिली, तसे गणित राहिले. यात लपवाछपवी नाही, कारण काय राहिले ते स्पष्ट सांगितले आहे. आणि अपमानही नाही, कारण माणसावर शिक्का नाही. पालकांनी घरात आणि शिक्षकांनी वर्गात निकालाच्या दिवशी हे एक वाक्य वापरून पाहावे. त्याच्या पुढचा प्रश्न आपोआपच 'आता काय करायचे?' असा येतो.

निवासी शाळेचे खरे काम याच ठिकाणी सुरू होते. संध्याकाळची वंदना झाल्यावर, जेवणानंतर, दिव्याखाली जो एक तास मिळतो, तो ज्याचे काही राहिले आहे त्याच्यासाठी असतो. घरी ज्याला अभ्यासाला जागा नाही, उजेड नाही, विचारायला कोणी नाही, त्याला हे तिन्ही एका छपराखाली मिळावे, यासाठी वसतिगृहे काढली गेली. या संस्थेतून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपण येथून पास होऊन गेलात, याचा अर्थ आपण पलीकडच्या काठावर पोहोचलात. अलीकडच्या काठावर अजून मुले उभी आहेत. कोणाला एसटीच्या पासाचे पैसे कमी पडतात, कोणाचे इंग्रजी राहिले आहे, कोणाचा जातीच्या दाखल्याचा अर्ज टेबलावर पडून आहे. वर्षातून एक रविवार, एका मुलाचा एक विषय, एवढे जरी प्रत्येकाने घेतले तरी पुढच्या स्मरणिकेत 'नापास' हा शब्द छापायची वेळ फारशी येणार नाही.